टीमवर्ककाकांची इर्जिक

बजाजनगरात राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी माझी ट्रंक जिन्यात अडकली. खाली मी, वर ट्रंक, आणि जिन्याच्या वळणावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे असलेले घरमालक. मला वाटलं, आता हात लावतील. पण त्यांनी आधी विचारलं, "टीमवर्क म्हंजे काय, सांगता येईल?"

मी घामानं निथळत होतो. म्हणालो, "सगळ्यांनी मिळून काम करणं."

"चूक." मग त्यांनी ट्रंकेची दुसरी बाजू धरली आणि आम्ही ती वर नेली. खोलीत टेकवल्यावर हात झटकत म्हणाले, "आता झालं ते टीमवर्क. ट्रंक तुझी हाय म्हणून. माझी असती तर नुसतं काम झालं असतं."

माणूस तऱ्हेवाईक आहे, लवकरच खोली बदलू, असं मी त्या दिवशी ठरवलं. लग्न होईपर्यंत तिथंच राहिलो.

बजाजनगरात तेव्हा निम्मी माणसं खोली शोधत असत आणि निम्मी खोल्या बांधत असत. वाळूजच्या कंपन्यांत लागलेली पोरं मराठवाड्यातून कुठून कुठून येऊन पडलेली. आमच्या घरमालकांना भाडेकरूंची नावं लक्षात ठेवण्यात रस नव्हता. ते जिल्ह्यानं हाक मारत. मी परभणी. माझ्या शेजारच्या खोलीतला बीड. वरच्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं जोडपं लातूरचं. त्यात नवरा नुसता 'लातूर' आणि बायको 'लातूरबाई', एवढा फरक ते करत. आम्ही त्यांना तोंडावर काका म्हणायचो आणि पाठीमागं टीमवर्ककाका. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं, आणि मला वाटतं, त्यांना तेच जास्त आवडायचं.

मी ज्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो तिथंच ते सुपरवायझर होते. म्हणजे दिवसभर तिथं, संध्याकाळी इथं, सुटका नाही. टीमवर्क हा शब्द त्या काळी कंपन्यांत नवा आला होता आणि घरात आलेल्या नव्या सुनेसारखा सगळ्याच कामाला जुंपला जात होता. भिंतीवर एकमेकांत गुंफलेल्या हातांची चित्रं लागली होती. मॅनेजरसाहेब शनिवारी मशीनपाशी येऊन गोड आवाजात म्हणायचे, "उद्या जरा टीमवर्क दाखवायचंय हं." आम्ही माना डोलवायचो. काका मात्र हात पुसत पुढं व्हायचे.

"साहेब, हे टीमवर्क नाय. ह्याला रविवारी बोलावणं म्हणत्यात. तसं म्हणा, येतो आमी."

आणि यायचेही. सगळ्यांच्या आधी यायचे. म्हणून मॅनेजर त्यांना काही बोलू शकत नसत.

गल्लीतही हीच तपासणी चालू. लातूर बायकोला लसूण सोलून देत बसला की हे खालून ओरडणार, "लातूर, ह्याला टीमवर्क समजू नको. जेवणार तूबी हायेस!" कंपनीच्या गेटवर चहाची गाडी लावणारे चाचा त्यांना मुद्दाम डिवचायचे. "काका, दूध मेरा, शक्कर इसकी, पत्ती उसकी. टीमवर्क है के नै?"

"नाय. ती भागीदारी."

"हौ? और पूरी चाय तुम अकेले पी गये तो?"

"मग व्हय," काका गंभीरपणे म्हणायचे आणि गिलास उचलायचे. चाचा हसून हसून बेजार व्हायचे. काका हसत नसत. त्यांना खरोखरच चाचांच्या लक्षात अर्थ यावा असं वाटायचं.

इतक्या माणसांत वावरणारा हा माणूस घरात मात्र अगदी एकटा होता. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न का केलं नाही, असं लातूरबाईनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "राहून गेलं." खालच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, देवाचा एक फोटो, आणि दारामागच्या खिळ्याला दोरीत अडकवलेली एक पितळी शिट्टी. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना अंपायरसाठी ती मागायची. काका एरवी पोरांना बॉलसुद्धा आणून द्यायचे, पण शिट्टी कधी दिली नाही. "ती वाजवायची नसती," एवढंच म्हणायचे.

आणि ते उभ्यानं जेवायचे. ओट्यापाशी ताट ठेवायचं, खिडकीतून बाहेर बघत चार घास खायचे, ताट विसळून टाकायचं. मी कित्येकदा त्यांना तसं पाहिलं. विचारलं तर कमरेचं कारण सांगायचे. कमरेचं दुखणं असलेला माणूस कंपनीत दिवसभर वाकून मशीनला जड डाय बसवतो कसा, हे मी विचारलं नाही.

एकदा कंपनीनं पुण्याहून एक ट्रेनर बोलावला. टाय लावलेला, हसतमुख, सगळ्यांना 'मित्रांनो' म्हणणारा. त्यानं आमचे गट पाडले आणि वर्तमानपत्राचे कागद देऊन सगळ्यात उंच मनोरा करायला सांगितला. आमच्या गटात काका होते. मनोरा आमचाच उंच झाला. ट्रेनरनं टाळ्या वाजवल्या, एक चकचकीत थर्मास काढला आणि गटात वयानं मोठे म्हणून काकांच्या पुढं धरला. काकांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"घ्या ना काका, तुमच्या टीमनं जिंकलंय."

"बक्षीस नका देऊ," काका म्हणाले. चेहरा उतरला होता. "बक्षीस दिलं की लोक उठून जात्यात."

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो. काका मात्र खरोखरच बाहेर निघून गेले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याच्या कूलरपाशी उभे राहिले. थर्मास शेवटी आमच्याच गटातल्या बीडनं नेला.

ह्या सगळ्यापेक्षा आम्हाला प्रिय होती ती त्यांची बट्टी. दरवर्षी ऐन उन्हाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, काका गावाकडून टेम्पोत डालगंभर बट्ट्या आणि हंडाभर वरण घेऊन यायचे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या खरपूस बट्ट्या, वांग्याची भाजी, वर तूप. सगळ्या भाडेकरूंना अंगणात बसवायचे, शेजारपाजारच्यांना बोलवायचे, आणि स्वतः वाकून वाकून वाढायचे. "खा, परभणी. लाजू नको. टीमवर्क!" आम्ही आडवे होईपर्यंत खायचो. काकांचा काही नवस असणार, असं लातूरबाईचं मत होतं. ते स्वतः त्या जेवणातला घासही खात नसत, हे तिच्याच लक्षात आलं होतं.

एका उन्हाळ्यात त्यांची कंबर खरोखरच धरली. शनिवारी दुपारी माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "गावाकडं येतो का? हंडा उचलायला माणूस पायजे." मला त्या जेवणाचं मूळ पाहायचंच होतं. शहरात क्रांती चौकात उतरून आम्ही गव्हाचं रवाळ पीठ, डाळ, तूप घेतलं आणि हर्सूलकडून काळी-पिवळी जीप धरली. फुलंब्रीच्या अलीकडं आत त्यांचं गाव. जीपमध्ये माणसांवर माणसं बसलेली, पिठाचं पोतं माझ्या पायांत, आणि त्या धुळीत काकांनी मला पहिल्यांदा आपली गोष्ट सांगितली.

त्यांच्या गावाकडं इर्जिक नावाची रीत होती. कुणाचं रान नांगरायचं राहिलं की त्यानं आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं आपापले बैल, आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं आणि दिवसभरात रान उलथून द्यायचं. मजुरी नाही. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि दुसऱ्याचा निरोप आला की निमूट जायचं.

"रझाकाराच्या धामधुमीत आमचं गाव उठून सरहद्दीपल्याड गेलं होतं," काका म्हणाले. "पोलीस ॲक्शन झाली, तवा परत आलं. बघत्यात तर गोठे मोकळे. कुणाचा एक बैल ऱ्हायलेला, कुणाचा तोबी नाय. मंग हाय तेवढ्या बैलांवर सगळ्यांचं रान नांगरायचं ठरलं. पयलं रान माझ्या बापाचं, कारण बाप तापानं फणफणलेला. तो मरेपर्यंत सांगायचा, आपलं रान गावानं नांगरलेलं हाय."

बाप गेला, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, आणि काकांच्या वाट्याला तेच रान आलं. त्याच वर्षी कंपनीनं त्यांना पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथून ते तो इंग्रजी शब्द घेऊन आले आणि ती पितळी शिट्टी घेऊन आले. स्वतःच्या नावानं पहिली इर्जिक घालायची होती. त्यांना वाटलं, गावाला काहीतरी चांगलं दाखवू.

"मी माणसांच्या तुकड्या पाडल्या," ते म्हणाले. "परत्येक तुकडीला एक लीडर. शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद. लोक हसत होते, पण करत होते. पोराचा हट्ट म्हणून. संध्याकाळी पंगत बसली, आन् मी उठून नंबर काढले."

"नंबर?"

"कुणाचं औत पयलं, कुणाचं दुसरं. पयल्याला कळशी दिली. शेवटचा कोण, तेबी सांगितलं. पुण्यात तसंच सांगायचे, मंग सगळे टाळ्या वाजवायचे." त्यांनी तोंडावरची धूळ पुसली. "शेवटचा आमच्या शेजारचा म्हातारा होता. त्यानंच मला लहानपणी औत धरायला शिकवलं होतं. म्हातारा, आन् त्याचे बैलबी म्हातारे. ताटावरनं उठला, बैल सोडले आन् गेला. मागनं एकेक जण उठला. ज्याला कळशी दिली तोबी ती बांधावर ठेवून गेला. कुणी शिवी दिली नाय, तकरार केली नाय. बट्ट्या तशाच ऱ्हायल्या."

तेव्हापासून दरवर्षी ते गावात जात होते, घरोघर इर्जिक सांगत होते, रानात स्वयंपाक करून बसत होते. गाव येत नव्हतं. शेवटी सगळं टेम्पोत घालून ते बजाजनगरात आणत होते आणि ते आम्ही खात होतो. रान पडीक राहू नये म्हणून मागाहून भाऊ ट्रॅक्टर घालत होता.

"म्हातारा?" मी विचारलं.

"गेला तो. माझ्याशी बोलला नाय परत." जीप गावाच्या फाट्यावर थांबली. उतरताना त्यांनी माझा दंड धरला. "एकदा गाव येऊन माझ्या रानात जेवून जावं, परभणी. एकदाच. मंग मी सुटलो."

मग त्यांच्याबरोबर मी दारोदार फिरलो. प्रत्येक दारात ते चपला काढून उभे राहायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "उद्या माझ्याकडं इर्जिक हाय. या." कुणी "बघू की" म्हणालं, कुणी "येतो की, का नाय" म्हणालं. एका आजीनं बळंच चहा पाजला. मला तरी कुणाच्या तोंडावर राग दिसला नाही, पण मी परका माणूस, मला काय कळणार. चावडीपाशी मोटारसायकलवर बसलेल्या एका तरुणानं मात्र विचारलं, "काका, इर्जिक म्हंजे काय ओ?"

काका त्याच्याकडं वळले. मग म्हणाले, "टीमवर्क."

"अच्छा, टीमवर्क!" पोराला लगेच समजलं. गाडीला किक मारून तो गेला.

रात्री आम्ही रानातल्या खोपटात झोपलो. सकाळी तांबडं फुटताच काका उठले, अंघोळ करून धुवट टोपी घातली आणि कणीक मळायला बसले. सगळ्या गावाला पुरेल एवढी कणीक. मी गोवऱ्या रचल्या, डाळ शिजत घातली. ऊन चढलं. काका मधूनमधून बट्ट्या फिरवायचे आणि गाडीवाटेकडं बघायचे. धसकटांनी भरलेलं ते रान आमच्यासमोर तापत पडलं होतं. कुणी आलं नाही. मला त्या रिकाम्या वाटेकडं बघवेना, म्हणून मी विहिरीवर जाऊन उगाचच पाणी शेंदत बसलो.

दुपार कलली तेव्हा बांधावरून एक माणूस येताना दिसला. काका झटकन उठले, टोपी नीट केली. जवळ आल्यावर कळलं, त्यांचा धाकटा भाऊ होता. मागं बैल नव्हते.

"दादा, कशाला उन्हात बसलास? ट्रॅक्टर सांगितलाय मी. उद्या येईल."

"ट्रॅक्टर नको. मी इर्जिक बोलावली."

"अरे, बैल कुठं ऱ्हायले गावात? असतील ते पोळ्याला पुजण्यापुरते. इर्जिक कवाच बंद झाली."

"माझ्यापुरती बंद झाली. गावाचा राग हाय माझ्यावर."

"कशाचा राग?"

"शिट्टीचा."

भावाला आठवायला वेळ लागला. मी समोरच होतो, मी पाहिलं; त्याला खरंच आठवत नव्हतं. मग तो हसला. "ते व्हय! रुसले होते की लोक. त्या सालीबी रुसले, पुढल्या सालीबी रुसले. मंग ट्रॅक्टर आला. मंग कोण कशाला रुसून बसंल?"

"कुणालाच राग नाय?"

"नाय रे दादा."

"म्हाताऱ्याच्या पोरांना?"

"ते तिकडं पुण्यात असत्यात. त्यांना हे ठावबी नसंल."

"मंग 'येतो, येतो' कशाला म्हणत्यात मला?"

"तू दरसाल येऊन दारात उभा ऱ्हातोस. नाय कसं म्हणावं माणसानं?"

काका हळूच खाली बसले. मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. गाव रुसलंय, ह्याचा त्यांना इतकी वर्षं आधार होता. रुसलेलं गाव त्यांची आठवण ठेवून होतं, त्याची समजूत काढता येत होती, त्याच्यासाठी स्वयंपाक करता येत होता. आता तेही राहिलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांची जेवढी कीव आली तेवढी आयुष्यात फार कमी माणसांची आली असेल.

भावालाही काहीतरी उमगलं असावं. तो खोपटाकडं बघून म्हणाला, "दे, वाढ. भूक लागली."

"काम न करता?"

"मंग सांग काम."

काकांनी बांधाकडं बोट दाखवलं. बांधाला हराळी माजली होती. भावानं कुदळ घेतली, काकांनी एक हात कमरेवर ठेवून विळा घेतला. दोघं हराळी खणत, मुळं उपसत पुढं सरकत राहिले. मीही लागलो, माझ्या हाताला फोड आले. ऊन उतरल्यावर आम्ही तिघं लिंबाखाली जेवायला बसलो. काकांना बसून जेवताना मी फक्त तेव्हाच पाहिलं. भावानं पोटभर खाल्लं, ढेकर दिला आणि "येतो दादा" म्हणून गेला. बाकीचं सगळं आम्ही टेम्पोत घातलं. बजाजनगरात अंगणात नेहमीसारखी पंगत बसली, काकांनी नेहमीसारखं वाढलं. फक्त तो शब्द काही ते म्हणाले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरबाई त्यांच्या दाराशी जाऊन म्हणाली, "काका, यंदा बट्टी नाही का?"

"कुणाला मनवायचं आता?" ते म्हणाले.

तिला काही कळलं नाही. ती माझ्याकडं बघायला लागली.

त्याच सुमारास एका रविवारी पोरं नेहमीप्रमाणं अंपायरसाठी शिट्टी मागायला आली, आणि काकांनी ती खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिली. मग काय विचारता! आऊट असो, नसो, दिवसभर गल्लीत शिट्टी वाजत होती. नाईट करून आलेल्या बीडला दुपारी झोपायचं होतं. त्याच्यासाठी पोरांकडून शिट्टी काढून घ्या म्हणायला मी खाली गेलो. काका ओट्यापाशी ताट ठेवून, खिडकीतून बाहेर बघत, उभ्यानं जेवत होते.

"काका, फार वाजवतात हो ती."

"वाजू दे, परभणी," ते म्हणाले. "आता कुणी उठून जात नाय."